सुकराम पाणकराचं उपडं घमेलं

भारताची फुटबॉल टीम हरली की आमच्या गावात एकाच घरातली चूल उशिरा पेटते, आणि ते घर माझ्या कुंपणाला लागून आहे. बाकी गावाला आपल्या देशाची अशी काही टीम आहे याचाच पत्ता नसतो. क्रिकेटमध्ये हरलो तर पानठेल्यावर चार दिवस सगळे एकमेकांची अक्कल काढतात. फुटबॉलमध्ये फक्त सुकराम हरतो.

त्यामुळे मॅचच्या दुसऱ्या दिवशीची माझी सकाळ ठरलेली. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, तो दातून चावत उभा असायचा आणि मी वालाच्या वेलाआडून विचारायचो, "कितीनं गा?" तोंडात दातून, म्हणून तो नुसती बोटं वर करायचा. कधी एक, कधी दोन, आणि दुबईतल्या एका मॅचनंतर तर दुसऱ्या हाताचं बोटही उसनं घ्यावं लागलं. बरोबरी झाली तर मूठ दाखवायचा. जिंकले तर मला विचारावं लागत नसे. तो आपणहून कुंपणाशी यायचा आणि मी मुद्दाम म्हशीला पाणी दाखवायला निघून जायचो.

हा सुकराम आमच्या तलावाचा पाणकर. होता, असं लिहायला हवं, पण हात अजून वळत नाही.

आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभं राहिलं की एकीकडं नागझिऱ्याची झाडी दिसते आणि दुसरीकडं तिरोड्याच्या पॉवर प्लांटच्या चिमण्या. तलाव बांधला आमच्या लोकांच्या पणज्यांनी. पाळीच्या पोटात पाणी सोडायची दगडी मोरी आहे, तिला आम्ही तुडूम म्हणतो. तिच्या तोंडात लाकडाचा जाड खुंट. तो काढला की पाणी पाटातून बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांमध्ये जातं, बसवला की बंद. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यासाठी कमरेला दोर बांधून पाण्यात उतरावं लागतं, श्वास धरून पायानं भोक चाचपावं लागतं. सुकरामचा आजा हेच करायचा, बापही हेच करायचा. मळणी झाली की प्रत्येक खळ्यावरून पाणकराला धान मिळतं, पण त्याची ऐट धानाची नसते. गाव बिनघोर झोपतं आणि पाण्याची काळजी एकट्या पाणकराच्या उशाशी असते, ऐट त्याची असते. सुकराम तसा काडीसारखा माणूस, पण पाळीवरून चालायला लागला की पोलीस पाटीलही बाजूला होऊन वाट द्यायचा.

आणि फुटबॉलही त्याला या तलावानंच दिला. उन्हाळ्यात पाणी आटलं की तलावाच्या वरच्या टोकाला ताटासारखी सपाट जमीन उघडी पडते. आम्ही पोट्टे होतो तेव्हा रत्नपालचा मामा गोंदियाला रेल्वेत होता, त्यानं एक जुना चेंडू आणून दिला. रत्नपाल पुढं पॉवर प्लांटमध्ये ठेकेदाराकडे लागला, पण तेव्हा तो आमचा बॅक होता आणि सुकराम गोलकीपर. मी कुठं होतो ते विचारू नका, चेंडू पाण्यात गेला की काढून आणायला कुणीतरी लागतंच. सुकरामला बापानं पाण्यात बुडी मारायला शिकवली होती. तीच बुडी तो कोरड्या जमिनीवर मारायचा, कोपर सोलपटायचे, आणि चेंडू छातीशी. धुरपतामाय, म्हणजे धुरपताबाई, तेव्हा नवी सून होती. तिची बांधी तलावाच्या अगदी खाली. ती आम्हा सगळ्यांना मठ्ठा पाजायची आणि म्हणायची, "पाणी अडवनाऱ्याचा पोट्टा चेंडूई अडवते." एकदा आमची टीम गोंदियाला स्पर्धेला गेली, हिंदीतल्या शिव्या खाऊन पहिल्याच दिवशी परत आली, आणि तिथं आमचा इतिहास संपला. बाकीच्यांचा संपला. सुकरामनं आपल्या हरण्याची सोय देशाच्या टीमकडे लावून घेतली.

आता घमेल्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या घमेल्यावर बसलं आहे.

दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत आशिया कप होता. पहिली मॅच थायलंडशी. सुकराम तलावातून थेट रत्नपालच्या घरी टीव्ही बघायला गेला, गुडघ्यापर्यंत चिखल. रत्नपालची बायको अल्का हिनं नवी फरशी बसवली होती. तिनं त्याला खुर्चीला हात लावू दिला नाही, दाराशी एक घमेलं उपडं टाकलं आणि त्यावर बस म्हणाली. त्या दिवशी भारतानं चार गोल केले. सुकरामनं सारं श्रेय घमेल्याला दिलं. पुढची मॅच हरली, तर मधल्या दिवसांत अल्कानं त्यात शेण उचललं असं कारण निघालं. मग त्यानं ते घमेलं मागून घरी आणलं, घासूनपुसून कोनाड्यात ठेवलं. मंजूवहिनीलासुद्धा, म्हणजे त्याच्या बायकोला, त्याला हात लावायची परवानगी नव्हती. एवढी काळजी त्यानं लग्नातल्या भांड्यांची घेतली नाही, असं वहिनी माझ्याच ओसरीवर बसून सांगायची.

तिसरी मॅच बहारीनशी, शारजात. नुसती बरोबरी झाली असती तरी आपण पुढं जात होतो. शेवटपर्यंत कुणाचाच गोल नाही. आता संपलीच म्हणून सुकराम घमेल्यावरून उठला, रत्नपालच्या पाठीत आनंदानं थाप मारायला. तेवढ्यात तिकडं पेनल्टी दिली. गोल झाला, आपण बाहेर.

तेव्हापासून कायदा झाला की मॅच चालू असताना सुकराम उठणार नाही. मी त्याला फार छळलं. विचारलं, तिकडं शारजातल्या रेफरीला तुझं ढुंगण उठलेलं दिसलं का? तो चिडला नाही. म्हणाला, "तुले नाही समजत. तुडूमई असंच असते. पाय हालला का पाणी गेलं."

माणूस हयातभर पायाच्या अंगठ्यानं पाणी थांबवतो, त्याला वाटणारच की बसल्या जागेवरून आणखीही काही थांबवता येतं.

पुढची वर्षं तुम्हाला ठाऊक असतील, नसतील तर बरंच आहे. कतारशी मॅच होती, बाहेर गेलेला चेंडू आत ओढून गोल केला आणि रेफरीनं तो दिला. सुकराम दोन दिवस जेवला नाही. पानठेल्यावर भेटेल त्याला विचारत होता की पाळीच्या पलीकडं गेलेलं पाणी कुणी तलावातलं म्हणून धरते का. लोक समजले, पाणीवाटपाचं काहीतरी भांडण आहे. मग हाँगकाँगशी शेवटच्या क्षणी पेनल्टी. त्या वेळी हा दगडासारखा बसून होता, पण रत्नपाल पाणी प्यायला उठला होता. झालं, महिनाभर दोघांचं बोलणं बंद. रत्नपाल मला म्हणाला, माझ्या घरात मी पाणी प्यायचं नाही तर काय भारतानं प्यायचं? मी हे वाक्य गावभर फिरवलं.

आणि मग आला गेल्या वर्षीचा, म्हणजे पंचवीसचा ऑक्टोबर. दिवाळीच्या आधीचा आठवडा. पुढच्या आशिया कपाला जायची उरलीसुरली आशा या एका मॅचवर. समोर सिंगापूर, मैदान आपलंच, गोव्यातलं.

आमच्याकडं ते दिवस मोठे नाजूक असतात. वरच्या बांध्यांमध्ये उशिरा पिकणारं भारी धान उभं असतं, दाणा भरत असतो, त्याला शेवटचं पाणी हवं असतं. खालच्या बांध्यांमध्ये लवकर पिकणारं हलकं धान कापून झालेलं असतं आणि पेंढ्या न बांधता तसंच वाळायला पसरलेलं असतं. त्या पसरलेल्या धानाला आम्ही कडपा म्हणतो. एकाच पाटावर वरच्याला पाणी पाहिजे आणि खालच्याला थेंबही नको. म्हणून सकाळी तुडूम उघडायचं आणि दिवेलागणीला बंद करायचं. नाहीतर वरच्या बांध्या भरून वाहायला लागतात आणि पाणी खाली उतरतं. या दिवसांत पाणकर पाहुण्याच्या घरीही जात नाही.

त्या दिवशी सांजेला वरच्या खेमराजची बांधी अजून भरली नव्हती. खेमराज रस्त्यात भेटला आणि थोडं पाणी आणखी चालू दे म्हणाला. सुकरामनं हिशेब केला. आता बंद केलं तर खेमराजचं धान अर्धं पोचट राहील. चालू ठेवलं तर मॅचच्या अर्ध्या वेळेपर्यंत बांधी भरेल. मध्यंतरात पाळीवर जाऊन खुंट बसवायचा आणि पुन्हा घमेल्यावर येऊन बसायचं. मध्यंतरात उठायला कायद्यात बंदी नव्हती.

मीही त्या दिवशी रत्नपालकडे गेलो होतो, मॅच बघायला नाही, सुकरामला बघायला. सुरुवातीलाच आपला गोल झाला. हा घमेल्यावर बसल्या बसल्या रडायला लागला. अल्कानं गूळ वाटला. मंजूवहिनीचा रत्नपालच्या मोबाईलवर फोन आला, तुडुमाची आठवण करून द्यायला. सुकराम म्हणाला, आता जातोच.

मध्यंतर व्हायला थोडाच वेळ होता. एका गोलानं आपण पुढं. सुकरामनं माझ्याकडं पाहिलं, बाहेर अंधाराकडं पाहिलं, आणि उठला. मध्यंतराच्या जरासा आधीच. पाणी वाढलं असेल या काळजीनं उठला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. एक पाय चपलेत गेला, दुसरा जायचा होता, आणि सिंगापूरनं गोल केला.

सुकरामनं चपलेतला पाय काढला आणि परत येऊन घमेल्यावर बसला.

मध्यंतर झालं. रत्नपाल म्हणाला, "जा ना बे, पाणी चालू आहे." सुकराम टीव्हीवरच्या जाहिरातींकडं बघत राहिला. मग म्हणाला, "माह्या उठन्यानं गेला तो. आता बसून परत आनतो." रत्नपालनं माझ्याकडं पाहिलं. मी गुळाचा खडा चघळत राहिलो.

तो बसून राहिला. दुसरा गोल झाला तोही सिंगापूरचा. त्यानंतर तर उठण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आता दोन परत आणायचे होते. मॅच संपेपर्यंत त्यानं मांडीही बदलली नाही. संपल्यावर घमेलं काखेत मारून, कुणाशी न बोलता, पाळीकडं न वळता सरळ घरी गेला. मंजूवहिनीला वाटलं, एवढा उशीर झाला म्हणजे तुडूम बंद करूनच आला असेल. आणि त्याच्या डोक्यात तेव्हा गोव्याच्या मैदानाशिवाय दुसरं काही नव्हतं.

सकाळी मी वालाच्या वेलाआड उभा राहिलो. स्कोअर माहीत होता, तरी सवय. तो आलाच नाही. वहिनी बाहेर आली आणि म्हणाली, अंधारातच पाळीकडं पळाले, चप्पलही घातली नाही.

धुरपतामायच्या बांधीत पोचलो तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं आणि तिचा कडपा त्यावर तरंगत होता. सुकराम पाण्यात उभा राहून ओले पुंजके कवेत गोळा करत होता, बांधावर आणून टाकत होता, परत आत जात होता. धान अंगाला चिकटून तो सोनेरी झाला होता. आम्ही सगळे उतरलो, खेमराज सगळ्यांच्या आधी. दुपारपर्यंत सारं काढून डांबरी रस्त्यावर पसरलं. पण आभाळ आलं. ऊन नाही ते नाहीच. आणि ओल्या धानाला ऊन नाही मिळालं की ते तिसऱ्या दिवशी उगवायला लागतं. रस्त्यावर हिरवे कोंब. येणारे-जाणारे ट्रक थांबून बघत होते.

धुरपतामाय आता साठीच्या पुढं आहे. नवरा नाही, मुलगा पुण्याला कंपनीत. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती रस्त्याच्या कडेला बसून कोंब आलेले दाणे निवडत होती, जणू त्यातले काही निवडून निघणार होते.

पाणीवाटपाची बैठक शाळेच्या पडवीत बसली. बोलणं फार झालं नाही. खेमराजनं उभं राहून सांगितलं की चालू ठेवायला मी म्हणालो होतो, दोष माझाही आहे. सुकराम म्हणाला, माझं सगळं हलकं धान मायनं घेऊन जावं, मी आजच पोचवतो. लोकांना वाटलं मिटलं. मलाही वाटलं, मी तर घमेल्यावर एक विनोद तयार करून ठेवला होता.

मग धुरपतामाय बोलली. आवाज न चढवता, सुकरामकडं न बघता.

"धानाचं काही नाही. धान भिजते, वाळते. पन आता रातच्याले पाट वाजला का मी उठून बसतो. याच्या बापाच्या काळी मी कधी उठून नाही बसली. तुडूम दुसऱ्याले देऊन टाका."

सुकरामनं तिच्याकडं पाहिलं. तो तिच्या हातचा मठ्ठा प्यालेला पोट्टा होता. त्यानं मान हलवली, एकदाच, हो म्हणायला. तयार केलेला विनोद मी गिळला, आणि मला माहीत आहे, मी विनोद गिळणारा माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं तुडुमाचा दोर मोहितच्या घरी नेऊन दिला. मोहित त्याच्याच चुलत भावाचा मुलगा, चांगला आहे. मोबाईलमध्ये अलार्म लावतो आणि अलार्म वाजला की पाळीवर जातो. दोर मात्र आजाच्या काळापासून जिथं कमरेला गाठ पडते तिथं काळा पडलेला आहे, आणि मोहितच्या कमरेला ती जागा बसत नाही, गाठ पुढं सरकते. सुकराम शेजारी उभा राहून त्याला पायानं भोक कसं शोधायचं ते दाखवत होता. पाण्यात न उतरता, काठावर, कोरड्या मातीत पाय फिरवून.

दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, लागल्या, पाहुणे आले-गेले. सुकराम घरीच. पाळीवर जायचा नाही. कोनाड्यातलं घमेलं मात्र तिथंच होतं.

नोव्हेंबरात बांगलादेशशी मॅच होती, ढाक्याला. आशिया कप आधीच हातचा गेलेला, जिंकून उपयोग नाही, हरून तोटा नाही. तरी रत्नपाल त्याला न्यायला आला. आज तर कुठं जायचीही घाई नाही, रात्रभर बस म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच ते लागलं.

सुकराम ओसरीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होता. म्हणाला, "मी नाही येत. पाहू एकदा, मी नसल्यावर काय होते ते."

"मंग जिंकलं त?" रत्नपालनं विचारलं.

"त मीच पनोती होतो म्हनायचं. मरेपर्यंत पाहनार नाही."

यात थट्टा नव्हती. रत्नपाल एकटाच गेला. मॅच सुरू असताना सुकराम माझ्या अंगणात येऊन बसला. मी मंडईतल्या नाटकाची, पाहुण्यांची, कुणाची सून कुणाशी भांडली याची बडबड करत राहिलो. त्यानं एकही शब्द ऐकला नाही आणि एकदाही विचारलं नाही. आज भारत जिंकला तर बरं की हरला तर, हे मला ठरवता येईना. जिंकला असता तर त्याचं सारं आयुष्य पनोतीत जमा झालं असतं.

सकाळी मी सांदवाडीत गेलो, पण विचारलं नाही. रत्नपालनं रात्रीच सांगितलं होतं. सुकराम कुंपणाशी आला. हातात दातून होता, तोंडात नव्हता.

"कितीनं?" त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला विचारलं.

मी एक बोट वर केलं.

"आपला का त्याहिचा?"

"त्याहिचा. सुरवातीलेच झाला. मंग फिटलाच नाही."

त्यानं वालाच्या वेलाचं एक वाळकं पान तोडलं.

"मी त पाह्यलोच नाही," तो म्हणाला.

"नाही."

"घमेल्यावर बसलो नाही, उठलो नाही."

"नाही ना गा. मी होतो ना तुह्याजवळ."

मला वाटलं, त्याचा जीव हलका होईल. दोष त्याचा नव्हता हे आता पक्कं झालं होतं. शारजातही नव्हता, गोव्यातही नव्हता. टीम आपली आपणच हरते, त्यासाठी तिला आमच्या गावाची गरज नाही. मी हेच सांगायला तोंड उघडलं, थोडं हसूही आणलं. पण तो माझ्या आधी तिथं पोचला होता, आणि तिथून आणखी पुढं गेला होता.

"म्हंजे," तो सावकाश म्हणाला, "त्या दिवशी मी उठून गेलो असतो, तरी दोनच झाले असते."

मी तोंडावरचं हसू पुसलं.

"खुंट बसवून परत आलो असतो, तरी दोनच."

त्यानं दातून कुंपणाच्या काटीवर ठेवला, जणू परत येऊन घेणार आहे, आणि घरात गेला. थोड्या वेळानं मंजूवहिनी गोठ्याकडं निघाली. तिच्या हातात ते घमेलं होतं, सुलटं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि सांगितलं की त्यांनीच काढून दिलं, शेण उचलायला. ती गोठ्यात वाकली. पलीकडं मोहितच्या घरातून त्याच्या मोबाईलचा अलार्म ऐकू आला, बराच वेळ वाजत राहिला, आणि सुकरामच्या घरातून चप्पल घातल्याचा आवाज झाला. पण बाहेर कुणी आलं नाही.